पडद्यावरची मुद्रा : प्रभातच्या तुतारीपासून पुढे



आजचा विषय कळल्यावर इथल्या दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, सिनेमाच्या सुरुवातीला येणाऱ्या कंपनीच्या चित्रावर तासभर काय बोलणार? विचारणं रास्त आहे. पण ज्या एका प्रश्नाभोवती आम्ही वर्गात अनेक वर्षं घोटाळत राहिलो, तो प्रश्न त्या चित्रात बसलेला आहे. आपण एखाद्या गोष्टीला 'तीच ही' असं कशाच्या बळावर म्हणतो? वेदान्ताच्या ग्रंथांत यासाठी देवदत्ताचं उदाहरण ठरलेलं असतं. दहा वर्षांपूर्वी काशीत पाहिलेला देवदत्त आज समोर आला. तेव्हा तरुण होता, आज केस पिकलेत. गाव वेगळं, कपडे वेगळे. तरी आपण म्हणतो, हा तोच देवदत्त. या ओळखण्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. आता देवदत्त निदान एक माणूस तरी आहे. कंपनीचं काय? मालक बदलतात, कामगार बदलतात, जागा विकली जाते, यंत्रं मोडीत जातात. आणि पडद्यावर मात्र तेच चित्र येतं, तेच सूर वाजतात, आणि आपण अंधारात बसून म्हणतो, हां, ही तीच. हे म्हणणं खरं की खोटं, एवढंच आज तपासायचं आहे.

सुरुवात कोल्हापूरपासून. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेली चार माणसं बाहेर पडली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि केशवराव धायबर. पैशाच्या बाजूला सीतारामपंत कुलकर्णी आले. १ जून १९२९ रोजी या पाच जणांनी कंपनी काढली आणि नाव ठेवलं प्रभात. नावाकडे नीट बघा. पाच मालक, पण पाचांपैकी एकाचंही नाव त्यात नाही. गावचं नाव नाही, राजाचं नाव नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनी म्हटलं की प्रांत येतो. इथे फक्त दिवसाची एक वेळ. ती वेळ पाचांची सारखीच असते, कोणाला वाटून घेता येत नाही.

आणि त्या नावाचं चिन्ह म्हणजे तुतारी फुंकणारी स्त्री. पहाटेच्या उजेडावर तिची आकृती, हातातली बाकदार तुतारी वर उचललेली. ज्यांनी 'संत तुकाराम' किंवा 'कुंकू' पाहिला असेल त्यांच्या डोळ्यांपुढे ती आत्ता आली असेल. इथे बसलेल्या तरुणांच्या डोळ्यांपुढे वेगळी तुतारी आली असेल, तेही आम्हाला ठाऊक आहे. (हशा) २०२४ च्या फेब्रुवारीत 'तुतारी वाजवणारा माणूस' हे एका पक्षाचं चिन्ह झालं, आणि लोकसभेला दुसऱ्याच उमेदवारांना मिळालेल्या ट्रम्पेटलाही मराठीत तुतारीच म्हटल्यामुळे केवढा घोळ झाला, हे आपण वाचलेलं आहे. आमच्या बोलण्याचा त्या राजकारणाशी संबंध नाही. पण घोळ मात्र आमच्या विषयातला आहे. चिन्ह असतं ते न वाचता ओळखू यावं म्हणून. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत तर प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असायची आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेलं असायचं. अक्षर न येणाऱ्या बाया-बापड्यांनी त्या चिन्हावर विसंबून देश चालवायला माणसं निवडली. ओळख हा त्यांच्यासाठी विश्वासाचा व्यवहार होता. म्हणून तर चिन्हाची नक्कल झाली की फसवणूक होते.

प्रभातकडे परत येऊ. तुतारी हे आपल्याकडे बहुधा पुरुषाच्या हातातलं वाद्य. देवळाच्या दारात, लग्नाच्या वरातीपुढे, जत्रेच्या पालखीपुढे तुतारी-शिंग फुंकणारे पुरुषच. मराठी कवितेत केशवसुतांनी १८९३ मध्ये 'तुतारी' लिहिल्यापासून ती नव्या काळाची हाक झाली, पण हाक देणारा कवी पुरुषच. प्रभातने ती बाईच्या हातात दिली. यात मोठा सुधारकी विचार होता असा दावा आम्ही करणार नाही. बाईची आकृती पडद्यावर शोभते, हा हिशेब चित्रकार माणसांना कळत असणारच, आणि दामले-फत्तेलाल हाडाचे कलावंत होते. तरी योगायोग बघा. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा तारामतीचं काम करायला बाई मिळेना, ते अण्णा साळुंके या पुरुषाने केलं. १९३२ मध्ये प्रभातने तीच कथा घेऊन 'अयोध्येचा राजा' हा आपला पहिला बोलपट काढला, आणि त्यात तारामती होत्या दुर्गाबाई खोटे, मुंबईच्या प्रतिष्ठित घरातल्या बाई. एकोणीस वर्षांत तारामती पुरुषाची बाई झाली. ते घडलं त्या कंपनीच्या चिन्हात बाई तुतारी फुंकते आहे, हे आम्हाला निव्वळ शोभेचं वाटत नाही.

आणि आवाज. मूकपटात तुतारीचं चित्र म्हणजे नुसतं चित्र. प्रभात मूकपटांच्या काळात जन्मलेली, 'गोपाळकृष्ण' हा तिचा पहिला मूकपट १९२९ चा. बोलपट आल्यावर वाद्य असलेल्या चिन्हाला जो अर्थ आला तो कमळाला किंवा सिंहाला आला नसता. पडदा उजळतो, बाई तुतारी उचलते आणि सूर ऐकू येतात. गोष्ट सुरू व्हायच्या आत प्रेक्षकाला कळतं की या यंत्राला आता कंठ फुटला आहे. संगीत नाटकात पडद्यामागून नांदी सुरू झाली की बाहेर चहा पिणारे पळत आत येत. तुतारीने तेच काम केलं, फक्त नांदी देवाची असते आणि ही कंपनीची होती. हा फरक लहान नाही. जिथे आधी देवाला नमन होतं तिथे आता बनवणाऱ्याची सही आली.

सहीची जागा कुठे, यालाही आपल्याकडे इतिहास आहे. मराठी अमदानीतल्या कागदावर शिक्का वर असायचा आणि मजकूर संपला की शेवटी लहान मुद्रा, ती मोर्तब. शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो, तो तिथला. वरचा शिक्का सांगतो की हे कोणाकडून आलं. खालचं मोर्तब सांगतं की मजकूर इथे संपला, याखाली कोणी भर घातली तर ती आमची नव्हे. संतांनी एकाच मुद्रेत दोन्ही कामं केली. अभंगाच्या शेवटी नाव आलं की कर्ता कळतो आणि अभंग संपल्याचंही कळतं. आणि ती मुद्रा चोरता येते, हेही त्यांना माहीत होतं. १९३६ चा दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' आठवा. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम सगळ्यांना आठवतो, पण त्यातला सालोमालो आठवून बघा. तुकोबांचे अभंग आपलेच म्हणून मिरवणारा तो. हा चित्रपट सुरू होतो कंपनीच्या मुद्रेने, आणि त्याची कथा फिरते ती मुद्रा पळवणाऱ्या माणसाभोवती. कंपनीच्या पोटात पुढे काय शिजणार होतं ते पाहिलं की हा सालोमालो आम्हाला वेगळाच दिसायला लागतो.

आपल्या भागासाठी एक गोष्ट इथे सांगायला हवी. प्रभातचे चित्रपट बहुतेक दोन भाषांत निघत. 'अयोध्येचा राजा' मराठीत, 'अयोध्या का राजा' हिंदीत. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', 'माणूस' आणि 'आदमी', 'शेजारी' आणि 'पडोसी'. नाव बदलायचं, संवाद बदलायचे, पण तुतारी तीच. आता हे नायगाव तेव्हा कुठे होतं? निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात. सरकारी कारभार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षण उर्दूत, घरात मराठी, आणि इथून बिलोली-देगलूरकडे सरकलं की बाजारात तेलुगू. अशा तीन-चार भाषांच्या माणसाला पडद्यावरची अक्षरं कोणत्या लिपीत दाखवणार? तुतारीला लिपी नाही. मराठी प्रत असो की हिंदी, ती वाजली की कळतं की पुण्याच्या माणसांचा पिक्चर आहे. भाषावार प्रांतरचनेच्या आधी पडद्यावर एक अशी खूण होती जिला भाषेची सरहद्द लागत नव्हती, हे मराठवाड्याच्या माणसाला लवकर समजेल. पुण्या-मुंबईच्या अभ्यासकांच्या हे फारसं ध्यानात येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

प्रभात १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला गेली, मोठा स्टुडिओ बांधला. पुढची आठ-नऊ वर्षं म्हणजे तिचं वैभव. मग फूट. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ मध्ये शांताराम गेले. आता प्रश्न असा की तुतारी कोणाची? 'कुंकू' शांतारामांनी दिग्दर्शित केला, 'माणूस' त्यांचा, 'शेजारी' त्यांचा. प्रेक्षक ज्या विश्वासाने तुतारी ऐकून सरसावून बसत होता, तो विश्वास कमावण्यात त्यांचा वाटा किती मोठा! पण ते निघाले तेव्हा अनुभव नेता आला, हातातलं कसब नेता आलं, तुतारी नेता आली नाही. ती कंपनीची होती. आणि दामले-फत्तेलाल मागे राहिले, त्यांचाही वाटा तितकाच मोठा. मग १९४४ मध्ये 'रामशास्त्री' आला, गजानन जागीरदार त्यात रामशास्त्री होते, आणि त्याआधी तीच तुतारी वाजली. शांताराम नसताना वाजलेली ही तुतारी खोटी म्हणायची का? आमचं मत स्पष्ट आहे, नाही. 'रामशास्त्री' प्रभातच्या नावाला साजेसाच आहे. बैलगाडीचं चाक बदललं, मग आख बदलला, तरी गाडी तीच म्हणतो ना आपण. पण दामले १९४५ मध्ये वारले, आणि त्यानंतरच्या वर्षांत एकेक भाग असा निघाला की शेवटी जू तेवढं उरलं. १९५० चं दशक लागलं आणि कंपनी संपली, स्टुडिओ विकला गेला. अखेरच्या चित्रपटांच्या आधीही तुतारी वाजतच होती. चिन्ह म्हातारं होत नाही, आजारी पडत नाही. कंपनी मरणपंथाला लागली हे सांगायची सोय त्याच्यात नाही.

शांतारामांनी मुंबईला परळमध्ये राजकमल कलामंदिर काढलं, तेही १९४२ चंच. राजकमल हे नाव त्यांनी आईवडिलांच्या नावांवरून घेतलं, वडील राजाराम आणि आई कमल. प्रभात या नावात मालकाचं नाव नव्हतं. इथे घराणं आलं. चिन्हात कमळ, त्यात उभी असलेली स्त्री आणि तिच्या ओंजळीतली फुलं. दोन्ही चिन्हांत बाईच आहे, पण दोघी प्रेक्षकाशी सारख्या वागत नाहीत. तुतारीवाली तुम्हाला उठवते. ती म्हणते, उजाडलं, जागे व्हा. फुलंवाली तुमचं स्वागत करते, तुम्ही पाहुणे किंवा देव. 'कुंकू' काढणारी कंपनी प्रेक्षकाला झोपेतून हलवायला बघत होती. 'झनक झनक पायल बाजे' काढणारी कंपनी, १९५५ मधली, टेक्निकलरमधली, प्रेक्षकाला आधी सुखावते. एकाच माणसाच्या हातून दोन्ही झालं. राजकमलचं सगळंच शोभिवंत होतं असं नाही, 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आहे, 'दो आँखें बारह हाथ' आहे. पण चिन्हाने जी दिशा सांगितली ती फार चुकीची निघाली नाही.

आणि मग १९५९ चा 'नवरंग'. त्याच्या सुरुवातीला शांताराम स्वतःच पडद्यावर येतात. 'दो आँखें बारह हाथ'च्या वेळी डोळ्यांना झालेली इजा, तो अंधार, त्या अंधारात दिसलेले रंग, असं प्रेक्षकाला सांगतात. आधी पहाट, मग आईवडील, मग स्वतः. तीस वर्षांत चिन्हाच्या जागेवर माणूस येऊन उभा राहिला. काहींना हा अहंकार वाटतो. आम्हाला त्यात प्रामाणिकपणाही दिसतो. चिन्हाआड लपण्यापेक्षा समोर येऊन 'हे मी केलं' म्हणणं बरं. फक्त त्यात बाकीची माणसं, कॅमेऱ्यामागची, रंगशाळेतली, ती आणखी मागे सरली, हेही खरं.

मुंबईतली आणखी दोन चिन्हं सांगतो, थोडक्यात. आर. के. फिल्म्सचं चिन्ह तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर मागे झुकलेली बाई. १९४९ च्या 'बरसात'मधल्या राज कपूर-नर्गिसच्या त्या छबीवरून ते आलं. नर्गिस १९५६ च्या 'जागते रहो'नंतर आर. के. मधून गेल्या. चिन्हातली बाई गेली नाही. त्यानंतर कैक वर्षं, दुसऱ्या नायिका असलेल्या, पुढे तर दुसऱ्या पिढीचे नायक असलेल्या चित्रपटांच्या आधी ती तशीच झुकलेली राहिली. २०१७ मध्ये चेंबूरच्या त्या स्टुडिओला आग लागली, २०१९ मध्ये जागा विकली गेली. पण प्रत लावा, ती दोघं तिथेच आहेत. प्रभातच्या तुतारीत माणूस नव्हता म्हणून ती कोणाच्याही जाण्याने खोटी पडत नव्हती. इथे दोन खरी माणसं चिन्हात शिरली, आणि वेगळी झाल्यावरही बांधलेली राहिली. एका बाईला विचारल्याशिवाय तिची आकृती जन्मभर एका कंपनीची निशाणी राहते, याचा विचार त्या काळी कोणी केलेला दिसत नाही.

दुसरं चिन्ह मेहबूब प्रॉडक्शनचं. विळा आणि हातोडा, आणि त्यावर नशिबाची थोरवी सांगणारा उर्दू शेर ऐकू यायचा. साम्यवादाची खूण आणि दैवावर भरवसा, दोन्ही एकाच वेळी! तर्कशास्त्राच्या पेपरात हे लिहिलं तर गुण कापले जातील. पण मेहबूब खान यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही, आणि प्रेक्षकालाही नाही. गंमत पुढे आहे. १९५७ चा 'मदर इंडिया' अमेरिकेला ऑस्करच्या स्पर्धेसाठी पाठवला तेव्हा त्या प्रतीतून हे चिन्ह काढून टाकलं. शीतयुद्धाचे दिवस, परीक्षक अमेरिकन. सही न करता पत्र पाठवावं तसं झालं. चिन्ह निरुपद्रवी सजावट असतं तर ते काढायची गरजच पडली नसती.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे सगळं जुनं. आमची लेकरं सिनेमा कमी आणि गेम जास्त खेळतात. बरोबर. म्हणून थोडं तिकडे जाऊ, कारण तिथे हाच प्रश्न नव्या कपड्यांत आला आहे. गेम लावला की आधी कंपन्यांची चिन्हं एकामागून एक येतात, लेकरं त्याला लोगो म्हणतात, आणि ती कधी संपतील म्हणून बटण दाबत बसतात. ब्रिटनमध्ये अॅशबी-द-ला-झूश नावाचं लहान गाव आहे. तिथे टिम आणि ख्रिस स्टॅम्पर या भावांनी १९८२ च्या सुमारास घरगुती संगणकांसाठी खेळ बनवायला सुरुवात केली, नाव होतं अल्टिमेट प्ले द गेम. १९८५ मध्ये त्यांनी रेअर ही कंपनी काढली. १९९४ च्या 'डाँकी काँग कंट्री'पासून जगभरच्या मुलांना निळ्या पाटीवरचा सोनेरी 'आर' माहीत झाला. १९९७ च्या 'गोल्डनआय'मध्ये तोच 'आर' घनरूप होऊन गोल फिरत येतो. म्हणजे यंत्राची ताकद वाढली की चिन्हाला आधी ती मिळते. तुतारीला आवाज आधी मिळाला तसंच. आणि २००१ च्या एका खेळात या कंपनीची खार हातात यांत्रिक करवत घेऊन येते आणि ज्या निन्टेंडोच्या यंत्रावर खेळ चालतो त्याचंच चिन्ह कापून काढते. दुसऱ्याच्या दारात उभं राहून केलेली थट्टा.

पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, मायक्रोसॉफ्टने रेअर ३७.५ कोटी डॉलरला विकत घेतली. मग चिन्हाचा घाट बदलला. २००७ मध्ये दोघे भाऊ बाहेर पडले. २०१० मध्ये पुन्हा नवं चिन्ह आलं. काही वर्षांनी सोनेरी 'आर' परत आला. तो परत येण्यात आम्हाला फार रस आहे. बनवणारी बहुतेक माणसं गेलेली, मालक अमेरिकेत, आणि तरी जुना सोनेरी रंग परत आणावा लागला, कारण मोठी झालेली मुलं त्याच रंगाला ओळखत होती. प्रत्यभिज्ञा विकत घेता येते, पण तिला हवं तसं वळवता येत नाही. प्रभातची कंपनी मेली आणि चिन्ह जसंच्या तसं राहिलं. इथे कंपनी जिवंत राहिली आणि चिन्ह फिरत राहिलं. देवदत्त कोणाला म्हणायचं?

गेमच्या जगात मुद्रेचा आणखी एक प्रकार आहे, तो शिक्कामोर्तबाच्या अगदी जवळचा. १९८९ मध्ये आलेल्या निन्टेंडोच्या गेम बॉय या हातातल्या यंत्रात खेळाची डबी बसवली की वरून कंपनीचं नाव सरकत खाली येतं. ते नाव नुसतं दाखवायला नसतं. प्रत्येक डबीत त्या नावाचं चित्र साठवलेलं असतं, यंत्र ते आपल्या आतल्या चित्राशी ताडून बघतं, आणि जुळलं नाही तर खेळ सुरूच होत नाही. दरवानाने शिक्का बघून आत सोडावं तसं. परवानगीशिवाय डबी बनवणाऱ्याला ते चित्र चोरावंच लागणार, आणि चोरलं की कायद्यात सापडणार, असा तो डाव. सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीनेही अशीच कडी लावली होती. परवानगीशिवाय बनवलेला खेळ लावला तरी यंत्र स्वतःच पडद्यावर लिहायचं की हा सेगाच्या परवान्याने बनला आहे! म्हणजे यंत्रच खोटं बोलणार आणि दोष दुसऱ्याला. १९९२ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सेगाच्या विरोधात निकाल दिला. मुद्रा ज्याच्या हातात आहे त्यानेच ती दुसऱ्याच्या कामावर उमटवली, असा हा उलटा सालोमालो.

दूरदर्शनबद्दल बोललो नाही तर इथली पन्नाशीच्या पुढची मंडळी रागावतील. दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं ते १ एप्रिल १९७६ रोजी. त्याचं चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले विद्यार्थी देवाशिष भट्टाचार्य यांनी काढलं. मधला गोल आणि त्याला दोन बाजूंनी कवेत घेणारे दोन वळसे, फिरत फिरत जागेवर येतात आणि डोळा तयार होतो. धून पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची. छपरावरचा अँटेना फिरवत असताना खालून कोणीतरी ओरडायचं, 'आलं, आलं', तेव्हा बरेचदा आलेलं असायचं ते हेच. मालक सरकार, म्हणजे म्हणायला आपणच. २०२४ च्या एप्रिलमध्ये डीडी न्यूजच्या चिन्हाचा लाल रंग भगवा झाला आणि मोठा वाद झाला. वादातल्या दोन्ही बाजू तुम्ही ऐकल्या आहेत. आम्ही एवढंच लक्षात आणून देतो की 'रंगच तर बदलला' म्हणणारे आणि 'रंग का बदलला' म्हणणारे दोघेही चिन्हाला तितकंच महत्त्व देत होते. नाही तर बदलायचा कशाला आणि भांडायचं कशाला?

शेवटचा मुद्दा तांत्रिक आहे. फिल्मच्या रिळाचं टोक सगळ्यात जास्त झिजतं. ऑपरेटर प्रत्येक खेळाला तेच टोक यंत्रात ओवतो, त्यालाच बोटं लागतात, धूळ लागते, चरे पडतात, तुटलं की तेवढा तुकडा कापून पुन्हा जोडतात. आमच्या लहानपणी या भागात जत्रेला तंबूचे टुरिंग टॉकीज यायचे. फिरून फिरून आलेल्या त्या प्रतींची सुरुवात म्हणजे पाऊस पडल्यासारख्या रेघा. म्हणजे चिन्ह ज्या जागी असतं तीच जागा रिळात सगळ्यात आधी मरते. पुढे टीव्हीवर जुने चित्रपट लागले तेव्हा वेळ वाचवायला सुरुवात कापली गेली. आता इंटरनेटवर पाहाल तर पुष्कळदा जुन्या कंपनीच्या चिन्हाआधी, कधी त्याच्या जागीच, हक्क विकत घेणाऱ्याचं झगमगतं चिन्ह बसलेलं असतं. ज्याने काही बनवलं नाही त्याची सही वर, आणि ज्यांनी बनवलं त्यांची कापलेली.

पुण्यात प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. देशभरची मुलं तिथे शिकायला येतात, ज्या जागेत 'संत तुकाराम' घडला तिथेच. चित्रपटांच्या जतनासाठी राष्ट्रीय फिल्म संग्रहालय १९६४ मध्ये उभं राहिलं, तेही पुण्यातच. प्रभातचं नाव शहराच्या रस्त्याला आहे. रिक्षावाल्याला सांगितलं तर तो सोडतो, पण हे नाव कशावरून पडलं ते त्याला माहीत असेलच असं नाही, आणि मागे बसलेल्या प्रवाशालाही.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी जुन्या टॉकीजची तिकिटं, जाहिरातीचे कागद, हँडबिलं पेटीत पडलेली असतील, तर त्यांवर कंपनीचं चिन्ह छापलं आहे का ते बघा, आणि मोबाईलवर फोटो काढून आयोजकांकडे द्या. रद्दीत घालू नका. आम्हाला बघायची आहेत. आता प्रश्न. मागच्या रांगेत बऱ्याच वेळापासून हात वर आहे, माईक तिकडे न्या.